मोठं घर तापवायला लाकडावरचा बॉयलर कोणता घ्यावा?

शेकोटी:
घर जुनं, दुमजली, साधारण ४००० चौरस फूट. खोल्या तापवणारे गरम पाण्याचे रेडिएटर आधीपासून आहेत, तेलावरचा बॉयलर आता काढायचाय कारण लाकूड घरचंच आहे आणि भरपूर आहे. विक्रेता म्हणतो ६० किलोवॅटचा घ्या, मोठा असलेला बरा. पण साधा घ्यावा, गॅसिफिकेशनवाला घ्यावा की अंगणात ठेवतात तो, इथूनच माझा गोंधळ आहे. आणि रात्री उठून लाकूड टाकावं लागतं का हो?

पाना_पक्कड:
६० ऐकूनच धसका बसला. आधी घराला उष्णता किती लागते ते काढा. तुमचं घर झालं ३७० चौरस मीटर, इन्सुलेशन बरं असेल तर कडाक्याच्या थंडीत चौरस मीटरमागे ६० वॅट धरा, २२ किलोवॅट होतात, भिंती-छत अगदीच उघडं असेल तर १०० धरा, तरी ३७. ताळा करायचा असेल तर जुनी तेलाची बिलं काढा, एक लिटर म्हणजे जवळपास १० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता. नुसता मोठा बॉयलर घेतला की काय होतं, रेडिएटर तापले की तो हवा बंद करतो, आत लाकूड धुमसत बसतं, त्याचं डांबर चिमणीत चिकटतं आणि एक दिवस तेच पेट घेतं.

निवांत:
वरच्याशी सहमत, फक्त एक भर. बफर टँक, म्हणजे गरम पाणी साठवायची टाकी, लावणार असाल तर गरजेपेक्षा थोडा मोठा चालतो, कारण दिवसभराची उष्णता काही तासातच तयार करून साठवायची असते. दर किलोवॅटला निदान ५० लिटर पाणी धरतात, मी म्हणेन जागा असेल तर दुप्पट टाका. २००० लिटर पाणी ४५ वरून ८५ अंशांवर नेलं की ९० च्या वर युनिट साठतात, रात्री उठायचा प्रश्नच नाही, संध्याकाळी पेटवा आणि झोपा. बॉयलर गॅसिफिकेशनचाच घ्या, धूर खालच्या कप्प्यात हजार अंशांच्या आसपास जळून जातो त्यामुळे लाकूडही कमी लागतं. आणि परतीचं पाणी ६० अंशांच्या खाली बॉयलरमध्ये जाऊ देऊ नका, परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावाच, नाहीतर धुरातलं पाणी आत सुटून पत्रा गंजतो.

काडेपेटी:
एवढा खटाटोप कशाला? साधा बॉयलर, ना पंखा ना सर्किट, बिघडायला काही नाहीच. कोरडं लाकूड टाका, मस्त चालतो.

धूर_नको:
@काडेपेटी, 'कोरडं' हाच तर मुद्दा आहे! ताज्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं, ते आधी उकळून घालवायचं मग घर तापवायचं. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, किलोला ४ युनिट मिळतात. फोडून, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या ठेवून वर्ष-दोन वर्षं वाळवावं लागतं, तेव्हा शेकोटी, बॉयलर ठरायच्या आधी कुऱ्हाड उचला. ओलावा मोजायचा मीटर लावायचा तर ओंडका फोडून आतल्या बाजूला लावा, बाहेरची साल कायम खोटं बोलते. अंगणातल्यांचं म्हणाल तर बरेचसे धुमसत ठेवायचेच असतात, शेजारी जवळ असतील तर विसरा.

शेकोटी:
सगळ्यांचे आभार. २००० लिटरचा टँक तळघराच्या दारातून जाणार नाही हो, दार अरुंद आहे. आणि वीज गेली तर?

निवांत:
दोन हजार-हजारचे घ्या आणि जोडा. नुसती रुंदी बघू नका, उभा करताना तिरका होतो तेव्हा छताला लागतो, ते मापून घ्या.

पाना_पक्कड:
वीज गेली की रेडिएटरमध्ये पाणी फिरवणारा पंप थांबतो पण लाकूड जळतच राहतं, पाणी उकळायला लागतं. थर्मल सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, गरम झालं की थंड पाणी आतल्या कॉइलमधून आपोआप सोडणारा. तुमचं पाणी विहिरीच्या पंपावर असेल तर वीज गेल्यावर तेही येणार नाही, मग पाणी फिरवणाऱ्या पंपाला बॅटरी बॅकअप लावा. विक्रेत्याला हे विचारा आणि तो काय म्हणतो ते इथे टाका.