भातखाचरातील घट्ट थर आणि वालाला मिळणारे पाणी कसे मोजावे?

प्रश्न (मुरबाड): भात कापल्यावर आम्ही उरलेल्या ओलीवर वाल घेतो. वीतभर खाली ओल हाताला लागते, तरीही पीक कोमेजते. दोष पाण्याचा की घट्ट थराचा, हे कसे ठरवावे?

उत्तर १ (शहापूर): दरवर्षीच्या चिखलणीने नांगराच्या तळाशी घट्ट थर तयार होतो. पेनेट्रोमीटर (जमिनीत टोक दाबून तिचा कठीणपणा मोजणारे यंत्र) वाफशावर, म्हणजे जास्तीचे पाणी निचरून गेलेल्या ओलसर जमिनीतच दाबावा, कारण सुकलेली जमीन घट्ट नसतानाही मोठा आकडा दाखवते. वाफशावर यंत्राने दाखवलेला दाब सुमारे २ मेगापास्कलच्या पुढे गेला की बहुतेक मुळांची वाढ खुंटते. यंत्र नसल्यास खड्डा खणून मुळे कुठे आडवी वळली आहेत ते पाहावे. माझ्या मते प्रथम तेच करावे.

उत्तर २ (ठाणे): हाताला लागणारी सगळी ओल पिकाची नसते. माती पाणी ज्या ओढीने धरून ठेवते तिला ताण म्हणतात. साधारण ३३ किलोपास्कल ताणाला, म्हणजे वाफशाला, जमिनीत असलेल्या पाण्यातून १५०० किलोपास्कलला, म्हणजे कायमच्या कोमेज बिंदूला (जिथे पीक पुन्हा न सावरण्याइतके कोमेजते), उरणारे पाणी वजा केले की उपलब्ध पाणी मिळते. समजा, वजनाने ही टक्केवारी ३० आणि १८ आहे व स्थूल घनता (पोकळ्यांसह मातीच्या एकक आकारमानातील कोरड्या मातीचे वजन) १.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आहे, तर ३० सेंटिमीटर थरात सुमारे ४७ मिलिमीटर पाणी उपलब्ध असेल. मुळे १५ सेंटिमीटरवर अडली, तर त्यातले निम्मेच हाती लागते. घनतेसाठी ठरावीक आकारमानाच्या नळीने काढलेली माती १०५ अंश सेल्सिअसला वाळवून तोलावी.

उत्तर ३ (शहापूर): थर सरसकट फोडू नका, पावसाळ्यात खाचरात पाणी त्याच्यामुळेच टिकते.