अनुभव धागा: दुकान ऑनलाइन नेताना यंत्रावर काय सोपवलंत?

स्वतःचं किंवा दुसऱ्याचं दुकान ज्यांनी ऑनलाइन नेलंय त्यांनी लिहा. वेबसाइट किती देखणी झाली ते नको. यादी कशी चढवली, साठा कसा जुळवला, कुठलं काम मुद्दाम हातात ठेवलं, ते सांगा. सुरुवात मीच करते.

स्टेशनरीचं दुकान होतं. बिलिंग सॉफ्टवेअरमधून काढलेली फाइल एक्सेलमध्ये उघडली की बारकोडचा रकाना बघवायचा नाही. १३ आकडी कोड मध्येच 'ई' घातलेल्या संख्या होऊन बसायचे आणि ज्यांच्या सुरुवातीला शून्य, त्यांचं शून्य गायब. रकाना 'टेक्स्ट' ठरवूनच फाइल आत घ्यायची, आणि जतन करताना यूटीएफ-८ (मराठी अक्षरं टिकवणारी पद्धत) निवडायची, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

मग कोड तपासायला एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे बारकासा प्रोग्राम, लिहिली. ईएएन-१३ (वस्तूंवरचा नेहमीचा १३ आकडी बारकोड) कोडचा तेरावा आकडा हा तपासणीचा असतो: पहिल्या १२ आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची, ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे लागतील तो आकडा. एखादा आकडा चुकीचा टाइप झाला असेल तर हमखास सापडतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले असतील तरी बहुतेक वेळा सापडतात. दोघांत ५ चा फरक असेल तर मात्र निसटतात. २ ने सुरू होणारे कोड सरळ बाजूला काढा. ते दुकानाच्या अंतर्गत वापराचे असतात, त्यामुळे दुसऱ्या दुकानात त्याच कोडची भलतीच वस्तू निघू शकते. बारकोडवरून नाव-फोटो आपोआप भरणाऱ्या साधनाला ते दिलेत तर यादीत काय काय घुसेल सांगता येत नाही.

*

कपड्यांचं दुकान. आमच्याकडे बारकोडपेक्षा साइज आणि रंगाची कटकट मोठी. एक शर्ट, पाच साइज, चार रंग म्हणजे यादीत वीस ओळी, आणि त्या हाताने कोण भरणार? ते काम स्क्रिप्टने बिनतक्रार केलं. वर्णनं एआयकडून लिहून घेतली तेव्हा मात्र त्याने फोटो बघूनच 'शुद्ध सुती' ठोकून दिलं. फोटोवरून कापड कळतं होय? आता कापड, धुण्याची सूचना आणि माप हे तीन रकाने लेबल बघून माणूसच भरतो. रकाना रिकामा असेल तर वर्णन तयारच होत नाही. वाक्यं जुळवायला एआय चांगलं आहे, तेवढंच त्याला देतो.

*

मी दुकानदारच आहे, त्यामुळे जरा वेगळं बोलतो. साठा जुळवायचं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, गर्दीत पोरगा चिठ्ठीवर बिल लिहितो आणि रात्री चढवतो. तोवर ऑनलाइन साठा खोटाच. शेवटचा नग गिऱ्हाईकाच्या हातात आणि त्याच नगाची ऑर्डर फोनवर, असं व्हायचं. शेवटी पुतण्याने नियम घातला: दोन नग उरले की ऑनलाइन 'संपलं' दाखवायचं. काही विक्री हुकत असेल, पण माफी मागणारे फोन थांबले.

तोच म्हणाला, वेबहुकवाल्यांनी (ऑर्डर आली की वेबसाइटकडून सॉफ्टवेअरला आपोआप निरोप जातो, ते वेबहुक) हे लक्षात ठेवा. एकाच ऑर्डरचा निरोप दोनदा येऊ शकतो. ऑर्डर क्रमांक आधी नोंदलाय का ते बघूनच साठा कमी करा, नाहीतर एका विक्रीला दोन नग वजा होतात.

*

हार्डवेअर. वेबसाइट केलीच नाही, आणि इथल्या सगळ्यांना ती का हवी असते मला कळत नाही. नेहमीची गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवरच फोटो टाकून 'असा नट आहे का' विचारतात. कॅटलॉग आणि ठरलेली उत्तरं एवढ्यावर भागतं. पुढे व्हॉट्सअ‍ॅपचं एपीआय (सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची सोय) घेतलंत तर तिथे गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळं लिहिता येतं, नंतर फक्त मंजूर टेम्प्लेट, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपकडून आधी मंजूर करून घेतलेला ठरीव मजकूर. 'तुमची वस्तू कार्टमध्ये राहिली' छापाचे आपोआप जाणारे निरोप जुन्या माणसांना पाठवू नका. उधारीचा तगादा वाटतो त्यांना.

*

वरच्यांशी अर्धी सहमत. आमच्या वडिलांच्या दुकानात संगणकच नव्हता, यादी सगळी त्यांच्या डोक्यात. त्यांना टायपिंगला बसवणं अशक्य. मग फोनवर रेकॉर्डिंग लावून ते फळीफळीने बोलत गेले: वस्तू, माप, अंदाजे किती, लोक ती कुठल्या नावाने मागतात. बोलणं मजकुरात उतरवणाऱ्या साधनाने मजकूर दिला, एआयने रकाने पाडले, मी दुरुस्त केले. मापांत चुका बऱ्याच होत्या, 'अर्धा' आणि 'आठ' यांत तर सतत. तरी कोऱ्या फाइलपेक्षा परवडलं. शिवाय बोलता बोलता 'हे कुणी घेत नाही आता' असं ते ज्या मालाबद्दल म्हणाले, तो यादीत घेतलाच नाही. फोटो मात्र सगळे हातानेच काढले. त्याला कुणाकडे सोपा उपाय असेल तर लिहा.