सातविणीवर राग, पिंपळाला सूट?

दादरकर_जुना
ऑक्टोबर उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सातविणीच्या नावाने बोटं मोडणं सुरू. डोकं दुखतं, छाटून टाका. तो वास फुलांचा, त्यात लिनालूल हे सुवासिक द्रव्य बरंच; बहर ओसरला की विषय संपला. आपण भांडतो ते नाकाला कळतं त्यावर. उन्हाळ्यात वड-पिंपळाच्या कुळातली कित्येक झाडं, बांबूसुद्धा, पानांतून आयसोप्रीन नावाचा हायड्रोकार्बन (कार्बन-हायड्रोजनचा) वायू सोडतात, त्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही. ऊन आणि उष्मा चढेल तसं ते वाढतं, पान साधारण 40 अंशांपर्यंत तापेस्तोवर. अंधार पडला की बंद. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि वर ऊन, असं जमलं की त्यातूनच जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो छातीला वाईट. मग रस्त्याकडेला रोपं लावताना कोणतं झाड काय सोडतं हे बघायला नको?

आरेवाला
अमेरिकेचे रेगनसाहेब आठवले. 1980 च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात त्यांनीही हवेच्या प्रदूषणाचं खापर झाडांवर फोडलं होतं. त्यावर एका सभेच्या ठिकाणी कुणीतरी झाडालाच पाटी लावली की मी आणखी बळी घेण्याआधी मला तोडा! अहो, नायट्रोजन ऑक्साइड पिंपळ सोडतो का? आधी सिग्नलला धडधडत उभ्या ट्रककडे बघा.

दादरकर_जुना
तोडा असं मी कुठे म्हटलं? नवीन लावताना म्हणतोय. आणि जिथे धूर मुबलक, तिथे ओझोन किती होणार हे बऱ्याचदा आयसोप्रीनसारख्या हायड्रोकार्बनवरच ठरतं. ट्रक हटेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का?

पानफूल
वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेली, म्हणून मध्ये बोलते. पिंपळाची चैत्रातली तांबूस, लुसलुशीत पालवी बघा. बऱ्याच जातींत कोवळं पान आयसोप्रीन जवळपास देतच नाही. पान पुरतं वाढलं की सुरू होतं. म्हणजे त्याच झाडाचा मार्च वेगळा, मे वेगळा. पावसाळ्यात ढगांनी ऊन अडवलं की पुन्हा उतरतं. निलगिरीची तऱ्हा निराळी. तिथे तेल पानातच साठलेलं, त्याला उजेड लागत नाही, नुसती उष्णता पुरते; उकाड्याच्या रात्रीही ते निसटत राहतं. आता सांगा, ‘अमुक झाड इतकं सोडतं’ असा एकच आकडा लिहायचा तो कोणत्या महिन्याचा? परदेशी याद्या इथे आणून चिकटवू नका.

तिसरा_मजला
तुमचा ओझोन राहू द्या. माझ्या मुलाला दमा आहे आणि खिडकीला लागून सातवीण. तो महिनाभर संध्याकाळ झाली की आम्ही दारं-खिडक्या लावून बसतो. ‘विषय संपला’ म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन राहावं.

आरेवाला
ताई, तुमचं पटतं. सातवीण खिडकीपाशी लावायचं झाड नव्हेच, मोकळ्या मैदानात शोभतं. पण दादरकर, वायू कमी म्हणून विरळ सावलीचं झाड निवडलंत तर डांबर तापणार, आणि शेजारच्या जुन्या झाडांची पानंही. मग त्यांचंच आयसोप्रीन वाढेल. शिवाय पानं थोडा ओझोन शोषून घेतात, तो हिशेब कोण धरणार?

दादरकर_जुना
म्हणूनच इथे मोजा म्हणतो. वृक्षगणनेत झाडांच्या जाती नोंदलेल्या असतात. त्यातल्या आपल्या रस्त्यांवर जास्त दिसणाऱ्या निवडा, कॉलेजच्या पोरांना एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबरात फांदीला पिशवी बांधून आतली हवा तपासायला सांगा.

आरेवाला
खुशाल मोजा. तोवर यंदाची रोपं अडवू नका म्हणजे झालं.