अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाने फ्रॅटर्निटीचे सदस्यत्व घ्यावे का? मदत हवी आहे

नमस्कार,

माझा मुलगा अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका राज्य विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला एका फ्रॅटर्निटीकडून (निवडून सदस्य घेणारी विद्यार्थी-संघटना, जिच्या शाखा वेगवेगळ्या विद्यापीठांत असतात) ‘बिड’, म्हणजे सदस्य होण्याचे रीतसर निमंत्रण, आले आहे आणि होकार-नकार कळवायला त्याच्या हातात थोडेच दिवस आहेत. ही ‘सोशल’ प्रकारची फ्रॅटर्निटी असून कॅम्पसच्या कडेला तिचे स्वतःचे घर आहे, आणि सदस्य झाल्यास पुढचे शैक्षणिक वर्ष त्याला त्या घरात राहावे लागेल. त्याच सुमारास थीटा टाऊ या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या व्यावसायिक फ्रॅटर्निटीच्या मुलाखतीही तो देतो आहे. निर्णय त्यानेच घ्यायचा आहे, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. मात्र त्याचे शिक्षण कर्जावर चालले आहे आणि घराच्या करारावर हमीदार म्हणून त्याच्या वडिलांची सही मागितली आहे, म्हणून त्याने आपणहून आमचे मत विचारले आहे. ते मत ऐकीव माहितीवर देऊ नये, असे मला वाटते.

मुलगा जे फायदे सांगतो, ते मला पोकळ वाटत नाहीत. व्हिडिओ कॉलवर त्याने मला त्या घराचा जिना दाखवला. भिंतीवर ओळीने मोठ्या चौकटी लावलेल्या आहेत आणि प्रत्येक चौकटीत त्या त्या वर्षीच्या सर्व सदस्यांची लहान लहान छायाचित्रे, खाली नावे. जुन्या चौकटींमध्ये एकही भारतीय चेहरा नाही. अलीकडच्या चौकटींत दोन-चार आडनावे आपल्याकडची दिसतात. त्याला घर दाखवणाऱ्या मुलाने एका चौकटीतील चेहऱ्यावर बोट ठेवून सांगितले की, हे सद्गृहस्थ आता एका ट्रॅक्टर कंपनीत मोठ्या पदावर आहेत आणि गेल्या उन्हाळ्यात आमच्यापैकी दोघांना त्यांच्यामुळे इंटर्नशिपची मुलाखत मिळाली. माझे यजमान पुण्यात ज्या वसतिगृहात राहून शिकले, तिथले जुने विद्यार्थी आजही एकमेकांच्या मुलांच्या प्रवेशापासून दवाखान्यापर्यंत धावून येतात, त्यामुळे अशा नात्याचे मोल आम्ही जाणतो. परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलाला हक्काची चार माणसे मिळत असतील, तर त्यात आडकाठी आणायची माझी इच्छा नाही.

भीती आहे ती ‘हेझिंग’ची. नवख्या मुलांचा छळ काय असतो, हे आपल्याला रॅगिंगमुळे चांगलेच ठाऊक आहे. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९९९ साली कायदाच केला. अमेरिकेत मात्र २०१७ साली पेन स्टेट विद्यापीठात, प्रवेशाच्या रात्री जबरदस्तीने दारू पाजलेला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी घरातच पडून जखमी झाला, तासन्‌तास त्याला वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि तो दगावला, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. नोकरीच्या दृष्टीने सांगितला जाणारा फायदा खरोखर होतो का? व्यावसायिक फ्रॅटर्निटीत घराचा खर्च आणि दारूचे वातावरण टाळून तोच फायदा मिळू शकतो का? मुलगा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे. त्या दृष्टीने काही धोका संभवतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फ्रॅटर्निटीची ही विशिष्ट शाखा चांगली की वाईट हे इतक्या दुरून आम्ही कसे पारखावे?

प्रतिसाद

ताई, मी अमेरिकेतच वाढलो, विद्यार्थी असताना एका सोशल फ्रॅटर्निटीचा सदस्य होतो आणि आता माझ्या कंपनीसाठी नवीन अभियंत्यांच्या मुलाखती घेतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहू शकतो.

फायदा होतो. न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजच्या अर्थशास्त्रज्ञांनी ईशान्येकडील एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. त्यांचा निष्कर्ष असा की, फ्रॅटर्निटीच्या सदस्यत्वामुळे मुलांची गुणसरासरी चारपैकी साधारण पाव गुणाने घसरते, परंतु पुढील आयुष्यातील उत्पन्न सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. (याच युनियन कॉलेजमध्ये १८२५ साली कप्पा अल्फा सोसायटी स्थापन झाली आणि आजच्या सोशल फ्रॅटर्निटींची परंपरा तिथून सुरू झाली, असे मानले जाते.) हा आकडा एका कॉलेजचा आहे, तो आपल्या मुलाला जसाच्या तसा लावू नये. शिवाय ज्या मुलांना वडिलांच्या ओळखीने नोकरी मिळते, अशी मुले या घरांमध्ये आधीपासूनच पुष्कळ असतात, आणि तुमच्या मुलाच्या मागे ती ओळख नाही. माझ्या मते म्हणूनच त्याला ओळखींच्या या जाळ्याचा उपयोग इतरांपेक्षा जास्त होऊ शकतो. मात्र पाव गुणाची घसरणही त्यालाच जास्त जड जाईल, कारण अनेक कंपन्या इंटर्नशिपच्या अर्जासाठी ३.० ची अट घालतात आणि थर्मोडायनॅमिक्सच्या सत्रात तेवढे टिकवणे आधीच कठीण असते.

मुलाखत घेणारा म्हणून सांगायचे, तर अर्जावर फ्रॅटर्निटीच्या नावाची ग्रीक अक्षरे दिसली म्हणून मी कोणाला घेत नाही. पण एखाद्याने चाळीस-पन्नास मुलांच्या घराचा खजिनदार म्हणून वर्षभर हिशेब सांभाळला असेल, थकबाकी वसूल केली असेल, स्वयंपाक्याचा पगार आणि छपराची दुरुस्ती एकाच अंदाजपत्रकात बसवली असेल, तर त्याच्याशी बोलताना फरक जाणवतो. विसाव्या वर्षी इतकी जबाबदारी देणारी जागा कॅम्पसवर दुसरी क्वचितच असते. तेव्हा मुलाला विचारा, की तिथे जाऊन तो काय करणार आहे. केवळ राहणार असेल, तर एवढा पैसा घालण्यात अर्थ नाही.

व्यावसायिक फ्रॅटर्निटीबद्दल. थीटा टाऊ १९०४ साली मिनेसोटा विद्यापीठात सुरू झाली. तिच्यात मुले-मुली दोन्ही असतात, कारण शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या टायटल नाइन या कायद्यातील एकलिंगी सदस्यत्वाची सवलत फक्त सोशल संघटनांना आहे. बहुतेक ठिकाणी तिचे घर नसते आणि वर्गणीही पुष्कळ कमी असते. तिथे भेटणारे सगळे इंजिनिअरिंगचेच असल्यामुळे गृहपाठापासून करिअर फेअरच्या तयारीपर्यंतची मदत थेट कामाची ठरते. टाऊ बीटा पाय ही वेगळी गोष्ट आहे, हेही त्याला सांगून ठेवा: १८८५ साली लीहाय विद्यापीठात सुरू झालेली ती गुणवत्तेवर निवड करणारी मानाची संस्था आहे, तिचे निमंत्रण पुढे आले तर त्याने ते जरूर घ्यावे.

मात्र प्रकार पाहून निश्चिंत होऊ नका. सिरॅक्यूज विद्यापीठाने २०१८ साली थीटा टाऊचीच तिथली शाखा अत्यंत हीन, वर्णद्वेषी चित्रफितींमुळे कायमची काढून टाकली. ‘आपली’ मुले असलेल्या संघटनेत धोका कमी, असाही समज अनेक पालकांचा असतो. दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटी आता बऱ्याच आहेत. बिंगहॅम्टनमध्ये १९९४ साली आयोटा नू डेल्टा आणि ऑस्टिनमध्ये १९९८ साली डेल्टा एप्सिलॉन साय सुरू झाली. त्यांतून अनेकांना जन्माचे मित्र मिळाले आहेत. परंतु २०१३ साली न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजमधील आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांच्या एका फ्रॅटर्निटीत, पोकोनो डोंगरात नेऊन केलेल्या मारहाणीच्या विधीत एक नवखा सदस्य मरण पावला, आणि न्यायालयाने त्या राष्ट्रीय संघटनेला पेन्सिल्व्हेनियात १० वर्षे बंदी केली. एकाच नावाची शाखा एका गावात उत्तम आणि दुसऱ्या गावात भयंकर असू शकते. म्हणून फक्त त्या घराची, आणि त्यातही सध्या तिथे असलेल्या मुलांची पारख करा.

ती करण्याचे मार्ग आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग’ कायदा झाला. त्यानुसार, हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची नावे, प्रकार आणि झालेली शिक्षा विद्यापीठाने संकेतस्थळावर जाहीर केली पाहिजे. तो अहवाल तुम्ही घरी बसून वाचू शकता. अनेक विद्यापीठांचे ग्रीक लाइफ कार्यालय (फ्रॅटर्निटींचे काम पाहणारा विभाग) प्रत्येक घराची गुणसरासरीही दर सत्राला प्रसिद्ध करते; ती सर्व विद्यार्थ्यांच्या सरासरीपेक्षा खाली असेल, तर ‘आमच्याकडे सक्तीचा अभ्यासवर्ग असतो’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. मुलाने स्वतः शोधायची माणसे म्हणजे मध्येच सोडून गेलेले सदस्य. आतले सगळे गोडच बोलतील. बाहेर पडलेला मुलगा खरे कारण सांगेल. आणि नवीन सदस्यांसाठीचा कार्यक्रम किती आठवड्यांचा आहे, त्यात नेमके काय होते, असे विचारल्यावर ‘ते गुपित असते’ असे उत्तर आले, तर तिथेच थांबावे. शपथविधी गुप्त असणे वेगळे. मुलाच्या सहा-आठ आठवड्यांच्या संध्याकाळी कुठे जाणार हे गुप्त असण्याचे काही कारण नाही.

प्रतिसाद

मी एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात काम करते. व्हिसाच्या प्रश्नापुरते लिहिते.

फ्रॅटर्निटीचे सदस्य असण्याने एफ-१ दर्जाला काहीही बाधा येत नाही. बाधा येते ती पुढच्या गोष्टींनी. अमेरिकेत २१ वर्षांखालील व्यक्तीला दारू विकत घेता येत नाही, आणि दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी साधारण १९-२० वर्षांचा असतो. अमेरिकन मित्राला ज्या प्रकरणात दंड भरून सुटता येते, त्याच प्रकरणात आपल्या मुलाचा व्हिसा रद्द होऊ शकतो. विशेषतः दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर खटल्याचा निकाल लागण्याआधीसुद्धा. हेझिंगच्या चौकशीत विद्यापीठाने निलंबित केले, तर पूर्णवेळ विद्यार्थी हा दर्जाच जातो आणि देश सोडण्याची वेळ येते. हे नियम छळ सोसणाऱ्याप्रमाणेच छळ करणाऱ्यालाही लागू आहेत, आणि आजचा नवखा पुढच्या वर्षी ज्येष्ठ होतो, हे मुलाशी स्पष्ट बोलून ठेवावे.

आणखी एक बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काही घरांमध्ये स्वयंपाकघरात वाढप किंवा भांडी करण्याच्या बदल्यात भाड्यात किंवा जेवणाच्या पैशांत सूट देतात. घर विद्यापीठाच्या मालकीचे नसेल, तर ते कॅम्पसबाहेरील मोबदल्याचे काम ठरू शकते आणि एफ-१ विद्यार्थ्याला त्याची परवानगी नसते. सर्वांनी पाळीपाळीने विनामोबदला करायची साफसफाई वेगळी. अशी सूट देऊ केली, तर स्वीकारण्यापूर्वी त्याने स्वतःच्या विद्यापीठाच्या कार्यालयाला लेखी विचारावे.

मूल १८ वर्षांचे झाले की त्याच्या नोंदींबद्दल विद्यापीठ पालकांना सहसा काही सांगत नाही, त्यामुळे चौकशीचे ईमेल मुलानेच पाठवलेले बरे.

धागाकर्ती

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल मुलाशी बराच वेळ बोलले. विद्यापीठाचा अहवाल आम्ही एकत्र वाचला. या शाखेचे नाव त्यात नाही. घराची गुणसरासरी मात्र सर्व विद्यार्थ्यांच्या सरासरीहून किंचित कमी आहे. सोडून गेलेल्या एका मुलाशी तो उद्या बोलणार आहे. थीटा टाऊचा निकाल येईपर्यंत बिडला मुदतवाढ मागावी, असे त्याला सुचवले आहे आणि ते त्याला पटले.

एक प्रश्न उरतो. पुढच्या वसंत सत्रात त्याला एखाद्या कंपनीत सहा महिन्यांचे को-ऑप (शिक्षणाचा भाग म्हणून कंपनीत करायचे काम) मिळण्याची शक्यता आहे. तसे झाले, तर तो गावातच नसेल. मग घराच्या कराराचे काय? हमीदाराची सही करण्यापूर्वी आम्ही काय तपासावे?

प्रतिसाद

ताई, हे आधीच विचारलेत ते फार चांगले केलेत, कारण सर्वाधिक तंटे याच मुद्द्यावर होतात. करार बहुधा विद्यार्थ्यांच्या शाखेशी नसतो. घराची मालकी माजी सदस्यांच्या ‘हाऊस कॉर्पोरेशन’कडे असते आणि करार तिच्याशी होतो. तो संपूर्ण शैक्षणिक वर्षाचा असतो. मुलगा निघून गेला, एवढेच काय, त्याने सदस्यत्व सोडले, तरी भाड्याची जबाबदारी राहते. को-ऑप किंवा परदेशातील सत्रासाठी करारातून मोकळे करण्याचे कलम काही घरे ठेवतात. ते या करारात आहे का ते पाहा. नसेल, तर ते लेखी घालून द्यायला सांगा. शाखेच्या अध्यक्षाने तोंडी दिलेला शब्द इथे उपयोगाचा नाही, कारण तो स्वतः वर्षभरात पदवी घेऊन जातो.

भाडे, जेवण, राष्ट्रीय संघटनेची वर्गणी, एकदाच भरायचे प्रवेशशुल्क, विम्याचा हप्ता आणि समारंभांचे पैसे हे वेगवेगळे लिहून मागा. ‘डॉर्मपेक्षा (विद्यापीठाच्या वसतिगृहापेक्षा) स्वस्त’ असे सांगताना फक्त पहिल्या दोन रकमा मोजलेल्या असतात. विमा काढलेला असला, तरी हेझिंग आणि अल्पवयीनांना दारू देण्याच्या प्रकरणांत तो संरक्षण देत नाही, असे कलम बहुतेक पॉलिसींत असते, तेही वाचून घ्या.

आणि मुलाला मुख्यतः सोबतीने राहायचे असेल, तर सहकारी विद्यार्थी-घरांचाही विचार करायला सांगा. पर्ड्यू आणि मिशिगन विद्यापीठांच्या गावांत ती बरीच आहेत; मुले-मुली स्वयंपाक, सफाई आणि हिशेब आपसांत वाटून घेतात, त्यामुळे खर्च पुष्कळ कमी येतो. त्याच्या गावात तशी असल्यास, तिथे राहून थीटा टाऊचे सदस्यत्व घेणे हा मला तरी सर्वांत चांगला मार्ग वाटतो. मात्र सहकारी घरांतही को-ऑपच्या सत्रासाठी मोकळे होण्याचा नियम विचारूनच सही करा.