स्लाइड बाहेर ठेवून मोटरहोम पाच फूट पुढे घेता येईल का? आत गणपती बसलाय!

डेन्व्हरचा_फिरस्ता · शनिवार, दुपारी ३.४०

मंडळी, घाईत विचारतोय. संध्याकाळच्या आरतीआधी उत्तर मिळालं तर उपकार होतील.

आम्ही कोलोरॅडोत एस्टेस पार्कजवळ आहोत. गाडी २०१५ची, ३४ फुटी क्लास ए, म्हणजे बससारखी मोटरहोम, फोर्डची चॅसी, व्ही-टेन इंजिन, सेकंडहँड घेतलेली. दोन स्लाइड आहेत, म्हणजे गाडीच्या कुशीतून बाहेर सरकणाऱ्या खोल्या. मोठी ड्रायव्हरच्या म्हणजे डाव्या बाजूला, सोफा आणि जेवणाचं टेबल तिच्यातच. दुसरी बेडरूमची, छोटी.

आईबाबा साताऱ्याहून आलेत. त्यांना डोंगर दाखवायचे होते, आणि घरच्या दीड दिवसाच्या गणपतीत खंडही पडू द्यायचा नव्हता. यंदा, २०२४ला, चतुर्थी आली शनिवारी, ७ सप्टेंबरला. मग म्हटलं, गणपतीलाच घेऊन जाऊ. शाडूची नऊ इंची मूर्ती मांडीवर घेऊन आई डेन्व्हरपासून इथवर आली. सकाळी अकराला प्रतिष्ठापना झाली. चौरंग ओट्याला पाठ लावून ठेवलाय, म्हणजे स्लाइड बाहेर गेल्यावर मधे जी मोकळी जागा होते तिथे. मखर पुठ्ठ्याचं, बाबांनी दोन रात्री जागून केलेलं.

आता गोची अशी. जेवणं आटोपत होती तेवढ्यात कॅम्पग्राउंडचे होस्ट आजोबा गोल्फकार्टवरून आले, मागे टेप लावली आणि म्हणाले, तुमची शेपटी रस्त्यावर येतेय, पाच फूट पुढे घ्या, सहाच्या आत. पुढे जागा भरपूर आहे. पण स्लाइड आत घेतली तर मखर चिरडणार. आणि आई म्हणते, आता उत्तरपूजेपर्यंत मूर्तीला हात लावायचा नाही.

पाच फुटांचाच प्रश्न आहे. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, नुसता ब्रेक सैल करत, इंचाइंचाने घेईन. बायको बाहेर उभी राहून बघेल. साइट खडीची, डावीकडे उतार आहे, म्हणून डाव्या पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळे घातलेत आणि गाडी समतल धरणारे चारही जॅक खाली आहेत. कोणी असं केलंय का?

---

ह्यूस्टनकर७ · ३.५२

काही होत नाही हो. आमच्या ड्राइव्हवेत मी दर वेळी स्लाइड उघडी ठेवूनच दहा-बारा फूट पुढेमागे करतो, गाडी धुवायला. आजवर काही झालं नाही. फक्त स्लाइडच्या बाजूचा आरसा कामाचा राहत नाही, तेवढं बघा. गणपती बाप्पा मोरया!

---

पत्र्याचे_आबा · ४.१०

थांबा. ब्रेक सोडू नका.

ह्यूस्टनकर, तुमचं चुकीचं नाही, पण तुमचा ड्राइव्हवे काँक्रीटचा आणि सपाट आहे. दुरुस्तीच्या शेडमध्येही मेकॅनिक लोक स्लाइड बाहेर असलेल्या गाड्या माणसाच्या चालीने हलवतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तिथली फरशी आरशासारखी असते. या गृहस्थांची साइट खडीची, उतार डावीकडे, स्लाइडही डावीकडेच, आणि त्याच बाजूचं पुढचं चाक ठोकळ्यावर. पाच फूट की पन्नास फूट हे विसरा. चाक ठोकळ्यावरून खाली उतरेल ना, ते दोन-तीन इंच मोजा.

मी अमेरिकेत येण्याआधी दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात चार वर्षं काढली. बसची बॉडी बांधायचो. तिथे आमचा मिस्त्री नव्या पोराला पहिल्या दिवशी एक गंमत दाखवायचा. उभ्या बसच्या एकाच चाकाखाली ठोकळा द्यायचा आणि मग म्हणायचा, जा, आता मागचा दरवाजा लावून ये. दरवाजा लागायचा नाही. चॅसी पिळली की वरची सगळी चौकट गुण्यातून, म्हणजे काटकोनातून जाते. मोटरहोम वेगळी काय? बसच्या कुशीला दहा-बारा फुटांचं भोक पाडलंय आणि त्यातून एक खोली बाहेर लटकतेय, सोफा, टेबल, वरची कपाटं सगळ्यांसकट. बऱ्याच मोठ्या स्लाइडना खाली आधार म्हणजे दोन दांडे, त्यांना दाते, आणि दोन्ही दांडे बरोबर चालावेत म्हणून मधे एक आडवा शाफ्ट. पावसाळ्यात लाकडी ड्रॉवर एका बाजूने ओढला की कसा तिरका होऊन अडकतो? तसंच हे, फक्त ड्रॉवरमध्ये तुमचे बाबा बसलेत.

आणखी एक. जॅक खाली असताना गाडी हलत नाही, म्हणजे आधी जॅक उचलणार. जॅक उचलल्याबरोबर गाडी टायरवर बसते आणि उताराकडे, म्हणजे स्लाइडकडेच कलते. अर्धा पीळ तिथेच पडतो. चाक अजून इंचभरही फिरलेलं नसतं! म्हणून माझ्या गाडीच्या पुस्तकात निघताना आधी स्लाइड आत, मग जॅक वर, असा क्रम दिलाय. काही कंपन्यांचा क्रम वेगळा असतो, तुमचं पुस्तक काढून बघा. ते पुस्तक ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कप्प्यात असतं आणि कोणी वाचत नाही.

आता माझं सांगतो. सांगायला लाज वाटते, पण ऐका.

२०१७चा जानेवारी. आम्ही दोघं अ‍ॅरिझोनात, क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला ला पोसाच्या सरकारी वाळवंटात. तिथे तेव्हा १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एवढ्या हंगामाचे १८० डॉलर भरले की खुशाल राहता यायचं. गाडीपाशी नळ नाही, वीज नाही, सगळं सोलरवर. झालं काय, शेजारी एक उंच ट्रेलर येऊन उभा राहिला आणि दुपारी तीननंतर माझ्या पॅनलवर त्याची सावली पडायला लागली. मी म्हटलं, बारा फूट मागे घेऊ. हिने गव्हाची कणीक तिंबून टेबलावर झाकून ठेवलेली, म्हणाली स्लाइड आत घेऊ नका, पसारा आहे. मलाही तेच हवं होतं. बारा फूट तर!

मागे घेतली. आठ फुटांपर्यंत छान. मग मागचं उजवं चाक पाण्याने कोरलेल्या एका घळीत गेलं. घळ कसली, वीतभर खोल असेल. गाडी डुलली आणि खालून एकच आवाज आला, 'कट्'. कडीपत्त्याची सुकी काडी मोडावी तसा. मला वाटलं दगड उडाला.

संध्याकाळी थंडी पडली म्हणून स्लाइड आत घ्यायला गेलो तर पुढचं टोक येतंय, मागचं येत नाही. टेप लावली. मागचा कोपरा सव्वा इंच मागे. पिनियनने, म्हणजे दांडा सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाने, दाते सोडले होते. वरचं रबर आतल्या बाजूला दुमडलेलं, त्यातून बोट बाहेर जात होतं. रात्रभर वाळवंटातला वारा त्या फटीतून शिट्टी वाजवत होता. मोटरचा ब्रेक सोडून रॅचेटने फिरवत, बाहेरून दोन शेजारी खांद्याने रेटताहेत, अशी ती खोली दुसऱ्या दिवशी दुपारी आत गेली. नंतर दुरुस्तीला अकराशे डॉलर गेले, शिवाय नऊ दिवस मोटेलात. त्या कणकेचं काय झालं ते विचारू नका. अजूनही भांडणात निघते.

म्हणून सांगतो, स्लाइड आत घ्या. घेणं अगदीच अशक्य असेल तर होस्टकडून एक रात्र मागून घ्या, मागे नारिंगी कोन लावा, उद्या विसर्जनानंतर हलवा.

आणि तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारतो, डाव्या बाजूचा विजेचा खांब स्लाइडच्या पुढे आहे की मागे? आपल्याकडे, म्हणजे या देशात, वीज, पाणी, ड्रेन सगळं डाव्या हातालाच. स्लाइड बाहेर ठेवून पुढे गेलात तर ती अडीच-तीन फुटांची पेटी थेट खांबावर जाते. आरशात फक्त स्लाइडची भिंत दिसते, खांब दिसतच नाही.

---

डेन्व्हरचा_फिरस्ता · ४.२१

आबा, बाहेर जाऊन बघून आलो. खांब स्लाइडच्या पुढेच आहे. चार फुटांवर. पाच फूट पुढे घ्यायचं होतं. 😐

होस्टशी बोललो. माणूस चांगला आहे पण म्हणतो, आगीचा बंब जायला रस्ता मोकळा लागतो, रात्रीसाठी नाही चालणार. बरोबरच आहे त्याचं. पण मग आईला काय सांगू?

---

नाशिकची_लेक · ४.३३

आईंना त्रास नका देऊ, त्यांचं बरोबर आहे. पण मला एक सांगा, टेप लावली का? होस्टने लावली, आबांनी लावली, तुम्ही लावलीत का? स्लाइड आत आल्यावर ओट्यापुढे किती जागा उरते? आमच्या ३२ फुटीत १९ इंच उरते. प्रवासात रस्त्याकडेला थांबलो की स्लाइड आतच ठेवून मी त्या एकोणीस इंचात आडवी उभी राहून चहा करते. तुमचा चौरंग किती खोल आहे? मखर मोठं असेल, पण मखराची प्राणप्रतिष्ठा होत नाही ना! मखर काढा, चौरंग आणि मूर्ती तशीच राहू द्या.

समई मात्र विझवा. आणि गॅसही बंद.

---

पत्र्याचे_आबा · ४.३९

ताई, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

फिरस्ते, स्लाइड घेताना विजेची वायर जोडलेलीच ठेवा, नाहीतर इंजिन चालू ठेवा. बारा व्होल्टची मोटर असते, बॅटरी अर्धमेली असली की रडत रडत येते आणि मधेच थांबते. एकजण आत, एकजण बाहेर. खटका दाबणाऱ्याने फक्त खटक्याकडे बघू नये. आवाज बदलला की बोट काढायचं. वायर, पाण्याची नळी, ड्रेनची नळी सोडायची ती स्लाइड आणि जॅक झाल्यावर, पण गाडी हलायच्या आत. एकदा एकाला ड्रेनच्या नळीसकट निघालेला पाहिलाय. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सणाचा दिवस आहे.

---

डेन्व्हरचा_फिरस्ता · रात्री ८.१५

मंडळी, झालं!

ओट्यापुढे २० इंच उरतात. चौरंग १६. मखर २६ होतं. बाबा आधी फुरंगटले, मग स्वतःच टाचण्या काढून मखराचे दोन्ही पंख सोडवले आणि सोफ्यामागे उभे करून ठेवले. समई विझवताना आईने हात जोडून 'क्षमस्व' म्हटलं. स्लाइड अर्धी आली आणि खालून 'कर्र' झालं. आबांचं वाक्य कानात होतं, बोट झटक्यात काढलं. बघतो तर जमिनीवर पडलेला मोदकाचा साचा स्लाइडच्या कडेखाली सापडलेला. थोडी बाहेर सोडून काढला, मग पुढे सगळं नीट झालं. जॅक उचलताना गाडी डावीकडे जी काय झुकली, ती बघून बायको म्हणाली, 'आणि तू ही उघडी ठेवून नेणार होतास?' मी काही बोललो नाही.

पाच फुटांवर स्लाइड खांबासमोरच आली असती, म्हणून खांब ओलांडून पुढे, पुन्हा ठोकळे, जॅक, स्लाइड बाहेर. खांब आता स्लाइडच्या मागे, मधे हातभर जागा. वायर पुरली, ड्रेनची नळी पुरली नाही, ते उद्या बघू.

मूर्ती जागची हलली की नाही, यावर आईबाबांचा थोडा वाद झाला. बाबा म्हणाले, गाडी पुढे गेली म्हणजे गणपतीही गेला. आई म्हणाली, तो रथात बसलाय, रथ चालला तर चालतो. विषय संपला. सात वाजता आरती झाली. होस्ट आजोबा टोपी काढून दारात उभे होते. टाळ्यांचा ठेका चुकला, पण शेवटपर्यंत थांबले. बाहेर कुठेतरी एल्क ओरडत होता, आईला वाटलं कोणीतरी गंजलेलं फाटक उघडतंय.

साचा चपटा झालाय. सकाळच्या नैवेद्याचे मोदक हाताने वळायचे, असा निकाल लागलाय. कळ्या पाडायचं काम माझ्याकडे.

---

पत्र्याचे_आबा · ८.४०

साचा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर फेकू नका, लाटण्यावर घालून हलके ठोका, येईल आकारात.

आणि उद्या निघताना स्लाइड आत घेण्याआधी शिडी लावून तिचं छप्पर झाडा. तिथे पाइनच्या सुया रात्रभर पडतात. तशीच आत घेतलीत तर त्या रबराखाली जातात, आणि मग पहिल्या पावसात सोफ्यावर पाणी.

---

डेन्व्हरचा_फिरस्ता · ८.४४

शिडी घरी राहिलीये आबा. होस्टकडे मागतो. दोन मोदक घेऊन जातो सोबत.