मदत हवी आहे : 'डॉक्टर उंड आपोटेकर' कुणी पाहिलंय का?

नमस्कार मंडळी. संगीतकार डिटर्सडॉर्फचं हे विनोदी झिंगश्पील, म्हणजे गाण्यांसोबत बोलके संवाद असलेला जर्मन ऑपेरा, 1786 च्या जुलैत व्हिएन्नात आलं. त्याच वर्षीच्या मोत्सार्टच्या 'फिगारो' या ऑपेरापेक्षा तेव्हा हेच जास्त गाजलं, आणि आज कुणाला नावही ठाऊक नाही! वैद्य आणि औषधवाला यांचं हाडवैर, एकाचा मुलगा दुसऱ्याच्या मुलीवर फिदा, आणि मुलीच्या आईने हेरलेला जावई म्हणजे लाकडी पायाचा म्हातारा कप्तान. मध्ये संवाद, मध्ये गाणी. आपल्या संगीत नाटकासारखंच की.

अडचण अशी, की वैद्य आणि औषधवाल्याच्या भांडणाचं द्वंद्वगीत ऐकताना माझं जर्मन 'शार्लाटान'च्या, म्हणजे भोंदूच्या, पुढे सरकत नाही. त्या शिव्यांचा अर्थ कुणी सांगेल का? आणि मराठी उपशीर्षकं करायची तर 'आपोटेकर'ला, म्हणजे त्या औषधवाल्याला, काय म्हणावं? 'केमिस्ट' कानाला खटकतं.