गोठवलेले भ्रूण : गोळ्यांची सायकल की नैसर्गिक?

राजापूरची लेक : माझी पाळी नियमित असूनही टेस्ट ट्यूब बेबी उपचारातले गोठवलेले भ्रूण गर्भाशयात सोडण्यासाठी (ट्रान्सफर) मला थेट एस्ट्राडिओल या संप्रेरकाच्या गोळ्या सुरू केल्या गेल्या. नैसर्गिक सायकलही असते, म्हणजे गोळ्यांऐवजी स्वतःच्या पाळीच्या चक्रानुसार भ्रूण सोडता येते, हे मला सातव्या महिन्यात रक्तदाब चढल्यावर कळले. गोळ्यांच्या सायकलमध्ये सहसा बीज फुटत नाही, त्यामुळे बीज फुटल्यावर अंडाशयात होणारा पीतपिंड तयार होत नाही. हा पिंड गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाबरोबरच रिलॅक्सिनसारखी, रक्तवाहिन्या सैल ठेवणारी द्रव्येही देत असतो. अशा गरोदरपणात प्रीएक्लॅम्पसिया (रक्तदाब चढून बहुधा लघवीत प्रथिने जाण्याचा विकार) अधिक आढळल्याचे अनेक अभ्यास सांगतात. माझा रक्तदाब त्यामुळेच चढला असा माझा दावा नाही. परंतु जिचे बीज दरमहा आपोआप फुटते, तिला आधी नैसर्गिक सायकल सुचवलीच पाहिजे.

देवगडची सून : ताई, तुमचा त्रास समजतो, पण हा आग्रह मला मान्य नाही. पीसीओएसमुळे (बीज नियमित न फुटण्याचा संप्रेरकांचा विकार) माझी पाळी दोन-दोन महिने येत नाही, मग वाट कशाची पाहायची? शिवाय बीज कधी फुटते हे पाहायला वारंवार सोनोग्राफी, तीही कोल्हापूरला. ऐन श्रावणात फोंडा घाटातून किती खेपा घालायच्या? गोळ्यांमुळे तारीख आधी ठरली आणि यजमानांना रजा मिळाली. प्रोजेस्टेरॉनच्या तेलातल्या इंजेक्शनांनी कमरेखाली गाठी आल्या, त्या रोज रात्री गरम पिशवीने शेकल्या, पण दिवस राहिले. आणि त्या अभ्यासांतल्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत पीसीओएस असलेल्या, वजन जास्त असलेल्या अधिक असतील, तर दोष गोळ्यांचा की मूळ आजाराचा?

राजापूरची लेक : पीसीओएसबाबत तुमचे म्हणणे रास्त आहे, माझे बोलणे नियमित पाळीपुरतेच आहे. मात्र वय आणि वजन हिशेबात धरूनही फरक उरल्याचे काही अभ्यासांत दिसते. खेपांचे म्हणाल, तर सोनोग्राफी रत्नागिरीत करून माप फोनवर कळवता येते आणि बीज पुरेसे वाढल्यावर बीज फोडणारे एचसीजी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन तारीखही बरीच आवाक्यात आणता येते.

निवृत्त परिचारिका, गुहागर : तुम्ही दोघी ट्रान्सफरपाशीच थांबला आहात, आमचे काम तिथून पुढे सुरू होते. सासरी कळू नये म्हणून कित्येक जणी उपचार झाल्याचेच सांगत नाहीत. गोळ्यांच्या सायकलमध्ये वार (प्लॅसेंटा) स्वतः संप्रेरके पुरवू लागेपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा आठवडे, प्रोजेस्टेरॉन चालू ठेवावे लागते; ‘आता दिवस गेले, औषध कशाला?’ म्हणून ते परस्पर बंद करणारी मुलगी मी पाहिली आहे. कोणती सायकल झाली हे गरोदरपणाच्या कार्डावर लिहिलेले असेल, तर रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने यांवर पहिल्यापासून लक्ष राहते. प्रीएक्लॅम्पसियाचा धोका कमी करणारी ॲस्पिरिनची छोटी मात्रा हवी की नको हे डॉक्टरांनी शक्यतो सोळाव्या आठवड्याआधी ठरवायचे असते. नंतर कळून तेवढा उपयोग होत नाही.

देवगडची सून : माझ्या कार्डावर यातले काहीच नाही आणि मला चौदावा आठवडा चालू आहे. सोमवारी तपासणीला जाताना ट्रान्सफरची फाईल सोबत नेते. नैसर्गिक सायकलचा आग्रह मात्र मला अजूनही पटलेला नाही.